दगडाला विचारलं होतं का?

पहिल्याच तासाला सरांनी आमच्या हातात एकेक दगड दिला आणि म्हणाले, "चाटा."

वर्गात आम्ही अकरा जण. भूगर्भशास्त्र हा विषय आमच्या कॉलेजात हौसेनं कुणी घेत नसे. रसायनशास्त्राच्या जागा भरल्या की उरलेल्यांना तिकडं ढकलत. मी बेंबळीहून एसटीनं धाराशिवला येणारी, केसांना चपचपीत तेल लावलेली पोरगी. कॉलेज म्हणजे काहीतरी भारी असणार अशी माझी समजूत, आणि पहिल्या दिवशी हे असलं! आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. तेव्हा सरांनी माझ्या हातातली लालसर कपची काढून घेतली, शर्टाला पुसली आणि जिभेला लावून हात सोडून दिला. कपची जिभेला चिकटून लोंबत राहिली. मागच्या बाकावरचा एक जण फिसकन हसला.

"ह्याला म्हणायचं जागा," कपची काढल्यावर सर म्हणाले. "ह्याच्या पोटात बारीक बारीक जागा आहे. ती जिभेवरचं पाणी ओढून घेते, म्हणून दगड चिकटतो. आता तो काळा चाटून बघा. तो आपला गाववाला. बिलकुल चिकटणार नाही."

खरंच चिकटला नाही. आमच्या जिल्ह्यात विहीर खणा, रस्ता खणा, नाहीतर नुसता पाया खणा, काळा दगड लागतो. तो आम्ही जन्मभर पाहिला होता, पण चाटला कधी नव्हता.

त्या दिवसापासून सरांचं नाव 'चाटू सर' पडलं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. रमजानच्या महिन्यात मात्र रोजा असायचा, त्यामुळे सर दिवसा जिभेला काही लावत नसत. मग ती सगळी कामगिरी आमच्यावर यायची. "मी आज सुट्टीवर, तुम्ही ड्यूटीवर," असं म्हणून ते ट्रे पुढं सरकवायचे आणि एकेकाच्या तोंडाकडं बारकाईनं बघत बसायचे. ईदच्या दिवशी सरांच्या घरी शीरखुर्मा खायला गेलो की सरांच्या बायको, आमच्या चाची, म्हणायच्या, "खाओ बच्चो, महिनाभर दगडं खायला घातलीत ह्यांनी तुम्हाला." चाचींनी सरांच्या सगळ्या पँटींना आतून कॅनव्हासचे खिसे शिवले होते. साधे खिसे आठवडाभरसुद्धा टिकत नसत.

सरांचं सगळं शास्त्र दोन शब्दांत बसायचं. जागा आणि वाट. पुस्तकात त्यांना सच्छिद्रता आणि पार्यता असे शब्द होते. सरांना ते अजिबात आवडत नसत. "पार्यता म्हणजे काय, तुझ्या आजीला विचार. नाही सांगणार. पाझर म्हण, लगेच सांगेल." दगडात नुसती जागा असून भागत नाही, एका जागेतून दुसऱ्या जागेत जायला वाट पाहिजे, तरच पाझर, असं ते फळ्यावर दर वर्षी एकाच ठिकाणी लिहायचे. तिथला फळा पुसून पुसून पांढरा झाला होता.

ही जागा आणि वाट त्यांनी आम्हाला खरी शिकवली ती येरमाळ्याच्या स्टँडवर. सहलीहून परत येत होतो. येडेश्वरीची जत्रा नुकतीच सरलेली, आलेल्या एसटीच्या दाराशी माणसांचा नुसता गोळा झालेला. कंडक्टर ओरडत होता, "मागं सरका, मागं जागा लई हाय!" आणि कुणी तसूभर हलत नव्हतं. सर आनंदानं टाळी वाजवून म्हणाले, "बघा! जागा आहे, वाट नाही! हा दगड कामाचा नाही." कंडक्टरला वाटलं हे आपल्याला दगड म्हणतायत. त्याची समजूत घालेपर्यंत ती गाडी गेली. पुढची दोन तासांनी आली. सर मात्र त्या दोन तासांत अगदी खुशीत होते. जिल्ह्यातली सगळी उदाहरणं त्यांना याच एका मापानं मोजता यायची. अमक्याच्या मनात जागा आहे, वाट नाही. तमक्या कचेरीत वाट आहे, पण आत जागाच नाही.

सरांचं वेड एवढ्यावर थांबलं असतं तर ते आमच्या कॉलेजातले एक गमतीदार मास्तर म्हणून राहिले असते. त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. आपल्या काळ्या दगडाच्या खाली जुनं वाळवंट आहे, असं ते म्हणत.

म्हणजे असं. आपल्याकडचा काळा दगड हा पूर्वी तापून, वितळून, थरावर थर असा पसरला. ही गोष्ट शाळेतच शिकवतात. सर विचारायचे, "तो यायच्या आधी इथं काय होतं? कुणाची तरी जमीन होतीच ना?" त्यांच्या मते तिथं एके काळी वाळूच्या टेकड्या होत्या. वारा वाळू पाखडतो, खळ्यावर ज्वारी पाखडतात तशी. हलकं उडून जातं, एकसारखे गोल दाणे मागं राहतात. पुढं त्याचाच दगड होतो. मग ते टेबलावर एक मग ठेवायचे, त्यात गच्च ज्वारी भरायचे आणि वरून पाणी ओतायचे. भरलेल्या मगात अजून कितीतरी पाणी मावायचं. "गोल दाण्यात जागा राहते. हेच पाणी खूप खोल असेल तर खालच्या उबेनं तापतं. खालची चूल कायम पेटलेली आहे, बेटा. सवाल फक्त भांड्याचा आहे." चांगल्या दगडाचं भांडं असेल तर तापलेलं पाणी वर घ्यायचं, त्याची ऊब वापरायची आणि निवलेलं पाणी परत खाली सोडायचं. लाकूड नाही, धूर नाही. हे सांगताना सरांचा आवाज बारीक व्हायचा, आणि आम्ही त्या ज्वारीचं पुढं काय होणार याचा विचार करत असायचो. चाची तिच्या घुगऱ्या करून पाठवत.

पण वाळवंटाचा दगड म्हणजे चांगलाच, असंही नाही, हे सर तितक्याच जोरानं सांगत. त्यासाठी त्यांच्याकडं दोन दगड होते. तरुणपणी मारवाडातल्या एका खाणीतून आणलेले, बोटभर लांबीचे, गोल कापलेले, गुलाबी. एकाला ते थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा. दोघं एकाच वाळवंटातले आणि दिसायला सख्खे भाऊ. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यात दगड घट्ट बसवायचा, सुतळीनं आवळायचा, दगडाच्या बाहेरच्या तोंडाला दाढीच्या साबणाचा फेस लावायचा आणि दुसऱ्या बाजूनं फुंकायचं. थोरल्यातून फुंकलं की पलीकडं फेसात बारीक बारीक बुडबुडे उठायचे. दगडातून माणसाचा श्वास पार जातो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. धाकट्यातून मात्र कितीही फुंका, काही नाही. त्याच्या दाण्यांमधल्या जागेत नंतर कधीतरी चुन्याचं पाणी शिरलं आणि चुना तिथंच थिजला. सगळ्या वाटा बंद.

या धाकट्यानंच मला शून्य मिळवून दिलं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बेंबळीची एसटी वाटेत बंद पडली. मी धापा टाकत पोचले तेव्हा अर्धा वेळ गेलेला. समोर दोन गुलाबी दगड. त्या वर्षी परीक्षेपर्यंत सरांनी आम्हाला फक्त थोरला फुंकून दाखवला होता, धाकट्याचं मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. मी पहिला फुंकला, बुडबुडे आले, तसं वहीत लिहिलं. दुसरा तसाच तर दिसतोय, कशाला वेळ घालवायचा, म्हणून त्याच्यापुढंही न फुंकताच लिहून टाकलं, "बुडबुडे दिसले."

दुसऱ्या दिवशी वही परत आली. त्या वाक्यापुढं लाल शाईत लिहिलं होतं, "विचारलं होतं का?" आणि खाली भलंमोठं शून्य.

मी रडले. एका वाक्याला शून्य ठीक होतं, सरांनी सगळ्या प्रयोगालाच शून्य दिलं होतं. सर रागावले नाहीत. मला लॅबमध्ये नेलं, धाकटा ट्यूबमध्ये बसवून दिला आणि म्हणाले, "आता विचार." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकलं. फेस जसाच्या तसा. "बेटा, दगड कधी खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "पण त्याला न विचारता त्याच्या नावावर काहीबाही लिहायचं नाही. तो बिचारा सांगायला येत नाही की मी असं बोललोच नव्हतो म्हणून."

मला त्यांचा इतका राग आला होता की महिनाभर मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसले.

मग राग ओसरला आणि मी परत पुढच्या बाकावर आले. तिसऱ्या वर्षी पुण्याला पुढं शिकायला जायचं म्हणून मी बोलणं सुधारायच्या मागं लागले होते. 'म्या' म्हणायचं नाही, 'लई' म्हणायचं नाही, 'कुठं'चं 'कुठे' करायचं. एकदा सरांपुढं मी असंच घासूनपुसून बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोल गेल्यावर कोणत्या वाळूतली जागा टिकते, सांग?" मला येत नव्हतं. "जिच्या दाण्यांवर पातळ धुळीचा लेप असतो, तिची. स्वच्छ धुतलेल्या दाण्यांवर तिथं नवे स्फटिक वाढतात आणि सगळी जागा भरून टाकतात. धुळीच्या अंगावर त्यांना धरायला मिळत नाही. थोडी धूळ अंगावर असू द्यावी. फार नको, नाहीतर तीच वाट अडवते. पण थोडी असावी."

पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला मला एका दगडाचा फोटो दाखवून विचारलं, यातून पाणी मिळेल का. घाबरून माझ्या तोंडातून निघालं, "जागा लई हाय सर, पण वाट न्हाय." समोरचे तिघं आधी हसले, मग एकमेकांकडं बघायला लागले. नोकरी मिळाली. अजून मी त्याच प्रयोगशाळेत आहे. खोल विहिरींतून काढलेले दगड आमच्याकडं येतात, त्यांच्यातली जागा आणि वाट मोजायची, हेच माझं काम. यंत्रं भारी आहेत. फुंकावं लागत नाही.

मी नोकरीला लागले त्याच सुमाराला भूम तालुक्यातल्या ईटजवळच्या एका गावात गायरानावर बोअर घ्यायला एक सरकारी पथक आलं. जमिनीखालची ऊब मोजायला खूप खोल जायचं, काळा दगड संपेपर्यंत आणि त्याच्याही थोडं पुढं. सरांना बातमी लागली आणि त्यांना घरात चैन पडेना. दर रविवारी डबा घेऊन एसटीनं ईटला, तिथून पुढं मिळेल त्या गाडीनं. वर येणारा प्रत्येक दगड ते बघायचे आणि पथकातल्या तरुण साहेबाला विनवायचे, "थोडं अजून. ह्याच्याखाली माझं वाळवंट आहे." साहेब चांगला होता, हसायचा आणि चहा द्यायचा.

सरांचा मुक्काम असायचा छबूमावशींच्या खव्याच्या भट्टीवर. तिकडं भूम भागात घरटी दूध, आणि दुधाच्या भट्ट्या गावोगाव. छबूमावशी एकट्या बाईमाणूस चार कढया सांभाळायच्या. सकाळपासून बाभळीच्या लाकडांपुढं उभं राहून दूध आटवायचं. त्यांचे डोळे कायम लाल असायचे, पापण्यांचे केस झडून गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर सोडा नाहीतर दिसायचं बंद होईल. एकदा मी सरांबरोबर गेले होते, तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "डाक्टरला काय जातंय सांगायला. धूर सोडला तर खवा काय उन्हात आटवू व्हय?"

सरांनी त्यांना खालच्या पाण्याची गोष्ट सांगितली होती. मावशींनी ती नीट ऐकून एकच प्रश्न विचारला. "मास्तर, त्या पाण्यावर खवा होईल का?"

"नाही होणार," सर म्हणाले. "तेवढं गरम ते नसणार. पण पाणी निघालंच, तर दूध अर्धं तापून तुमच्या कढईत येईल. अर्धं सरपण वाचेल."

"म्हंजी अर्धं डोळं वाचलं म्हणा की," मावशी म्हणाल्या.

ते अर्धे डोळे सरांच्या मनाला फार लागले. त्यानंतर वाळवंटाविषयी बोलताना ते शास्त्र कमी आणि मावशींचे डोळे जास्त सांगायला लागले. गावातही गोष्ट पसरली. पाझर असलेला दगड निघाला तर सरकार दुसरं, मोठं बोअर घेणार, सगळ्या भट्ट्यांना गरम पाण्याची नळी येणार, इथपर्यंत लोकांनी ठरवून टाकलं.

एका शनिवारी रात्री सरांचा फोन आला. नुसतं म्हणाले, "ये." मी रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं पुण्याहून निघाले.

पोचले तेव्हा गायरानावर अर्धं गाव जमलेलं. काळा दगड संपला होता आणि खाली लाल दगड लागला होता. वाळूचा. गोल गोल दाण्यांचा, वाऱ्यानं घातलेल्या तिरप्या रेघा अजून अंगावर असलेला. साहेबानं बोअरमधून निघालेला त्या दगडाचा लांबट दांडा स्वतःच्या हातांनी सरांच्या हातात ठेवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरपंच म्हणाले, "मास्तर, तुमचं वाळवंट घावलं!" तीस वर्षं ज्याच्यावरून लोक हसले ती गोष्ट सरांच्या हातात होती. त्यांनी ती शर्टाला पुसली आणि जिभेला लावली.

मी त्यांच्या अगदी शेजारी होते. जीभ चिकटली नाही.

सरांनी दगड फिरवून दुसरीकडून लावला. तिथंही नाही. लोक टाळ्या वाजवत होते, कुणाला काही कळलं नाही. मला मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. तरी सर म्हणाले, "जिभेचं काय खरं. नीट विचारू या." साहेबानं दांड्याची दोन बोटं जाडीची चकती कापून दिली. ती मावशींच्या भट्टीच्या काठावर तासभर वाळवली. स्कूटरच्या ट्यूबमध्ये आवळून बसवली, फेस लावला. सरांनी फुंकलं. गाव बघत होतं. सरांचे गाल फुगले, मानेच्या शिरा तटतटल्या, फेस हलला नाही.

"मास्तर, तुमची छाती थकली आसंल," कुणीतरी म्हणालं. सरांनी ट्यूब माझ्याकडं दिली. मी फुंकलं, साहेबानं फुंकलं, गावातल्या तालमीतल्या एका पैलवानानं फुंकलं. काही नाही. शेवटी सरांनी खिशातली छोटी बाटली काढून आम्लाचा एक थेंब दगडावर टाकला. थेंब फसफसला.

"चुना," सर म्हणाले. "दाणे झकास आहेत. पण सगळ्या वाटा चुन्यानं बुजल्यात. धाकटा आहे हा."

सरपंच सरांना जरा बाजूला घेऊन गेले. मीही मागं गेले. ते हळूच म्हणाले, "सर, साहेब तुमचं ऐकतोय. थोडाफार पाझर हाय म्हणा की. एकदा मोठं बोअर मंजूर होऊ द्या, फुडचं आमी बघतो."

सरांनी भट्टीकडं पाहिलं. मावशी पदरानं डोळे टिपत तिथंच उभ्या होत्या. मला वाटलं, म्हणतील. आणि मला, खरं सांगते, त्यांनी म्हणावं असंही वाटलं.

"म्हटल्यानं पाझर होत नाही, सरपंच," ते म्हणाले. "त्याला विचारलं. तो नाही म्हणाला."

मग ते सगळ्यांपुढं तेच मोठ्यानं बोलले. लोक हळूहळू पांगले. जाता जाता कुणीतरी म्हणालं, "तीस वर्सं ह्याच दगडाचं कौतुक लावलं व्हतं व्हय." सरांनी ते ऐकलं. पथकानं भोकावर लोखंडी झाकण बसवलं आणि आठवड्यानं ते निघून गेले.

त्या दुपारी सर भट्टीपुढच्या बाजेवर बसून राहिले. मावशींनी एक पेढा आणून त्यांच्या हातावर ठेवला.

"हा कशाचा?" सरांनी विचारलं.

"वाळवंट तर निघालं न्हवं? तुमचं म्हणणं खरं झालं. त्याचा."

सर पेढा खाताना रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मावशी म्हणाल्या, "आवो मास्तर, दगडालाबी पाझर फुटतो म्हणत्यात. आत्ताच कशाला जीव टाकताव. थांबा की थोडं." आणि ती चकती उचलून म्हणाल्या, "ही मला राहू द्या. चक्क्यावर ठिवायला बरी हाय."

यानंतर सर निवृत्त झाले. चाची गेल्यावर ते सोलापूरला मुलीकडं राहायला गेले. मी फोन करायचे, मग सणावाराला करायचे, मग ईदचा एक मेसेज. ते गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. धाराशिव ते सोलापूर काय मोठं अंतर आहे! बेंबळीला मी वर्षातून तीनदा जात होते. त्यांना भेटायला एकदा जायला काय झालं होतं?

गेल्या महिन्यात एका कामासाठी भूमला गेले होते. परतताना गाडी ईटवरून वळवली. छबूमावशी भट्टीपुढं नव्हत्या. त्यांची सून कढईत उलथनं फिरवत होती, आणि तिचेही डोळे लाल. मावशी ओसरीत बसल्या होत्या. त्यांना आता माणसाचा नुसता आकार दिसतो. आवाजावरून मला ओळखलं. "मास्तरची पोरगी," त्या सुनेला म्हणाल्या.

ओसरीच्या कोपऱ्यात जाळीवर फडक्यात बांधलेला चक्का निथळत होता. दूध नासलं, उरलं की त्या अजून चक्का करतात. आणि फडक्यावर ती चकती.

"अजून हाच दगड?" मी म्हटलं.

"रोज तोच. पण बाई, आता त्यो दगड म्हातारा झालाय. वाळू सोडायलाय. चक्क्यात कचकच लागती म्हणून दुहेरी फडकं घालते म्या."

मी चकती हातात घेतली. ती हलकी लागली. लाल रंग उडून फिकट झाला होता, पाठ खरखरीत, बोट फिरवलं की एखादा गोल दाणा सुटून यायचा. मी तिथंच खाली बसले. रोज आंबट पाण्यात बसायचं, रोज राखेनं घासून गरम पाण्यानं धुवून घ्यायचं, असं इतकी वर्षं. आंबट पाणी चुना खातं, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. आमच्या प्रयोगशाळेत बुजलेल्या दगडांना आम्ही आम्ल पाजतो, वाटा मोकळ्या होतात का ते बघतो. हे तर माझं रोजचं काम. सरांनी एक थेंब टाकला होता, फसफसलं ते पाहून बाटली बंद केली होती. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीही नाही. मावशींनी मात्र दगड ठेवून दिला होता.

मी चकती धुतली आणि भट्टीच्या काठावर वाळत घातली. ओल्या दगडाला विचारून उपयोग नसतो. ड्रायव्हरला पंक्चरवाल्याकडं पाठवून मोटरसायकलच्या ट्यूबचा तुकडा आणवला. सून कढई उतरवून बघायला आली. साबण मावशींच्या मुलाचा, दाढीचा. सुतळी मीच आवळली. जिभेला चकती लावली तेव्हाच ती चिकटली होती, पण जिभेचं काय खरं.

मी फुंकलं.

आधी काठाला एक बुडबुडा आला, मग मधोमध दोन-तीन, आणि मग सगळा फेस बारीक बारीक उकळायला लागला. सून "आगं बया!" म्हणून मागं सरकली. मावशींना दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरून तळवा फेसाजवळ नेला आणि परत फुंकलं. त्यांच्या तळव्याला तो वारा लागला.

"मास्तरला म्या म्हणलं व्हतं," त्या म्हणाल्या. "थांबा म्हणून."

एका चकतीवरून विहीर होत नाही. चकतीला जे इतक्या वर्षांत चक्क्याखाली जमलं ते इतक्या खोल, अख्ख्या थराला जमेल का, हे कुणीच आज सांगू शकत नाही. सर असते तर त्यांनीच मला आधी थांबवलं असतं. पण ते भोक अजून गायरानावर आहे, झाकण नुसतं गंजलंय. आणि भट्टीपुढं आता दुसऱ्या बाईचे डोळे आहेत. त्याच आठवड्यात मी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. खालच्या त्या थराला थोडं आम्ल पाजून परत एकदा विचारून बघावं, एवढीच विनंती.

पत्रासोबत निरीक्षणाचा कागद जोडावा लागतो. दगडाचं वर्णन, ठिकाण, पद्धत. पद्धतीच्या रकान्यात मी मोटरसायकलची ट्यूब आणि दाढीचा साबण असं सरळ लिहिलं. राहिला निष्कर्षाचा रकाना. तिथं एकच वाक्य लिहिलं, जे मी वीस वर्षांपूर्वी एकदा लिहिलं होतं.

बुडबुडे दिसले.

विचारून लिहिलंय, सर.